शरीराचा जमाखर्च आणि भुकेचे मोजमाप



रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडणारी मजूर स्त्री आणि कचेरीत टिपणे लिहिणारा लिपिक सायंकाळी एकाच पंगतीस बसले, तर कोणाच्या पानात किती वाढावे? घरातील जाणती गृहिणी हा प्रश्न नजरेच्या अंदाजाने सोडविते. शास्त्रज्ञांना त्याच्या उत्तरासाठी दीर्घकाळ परिश्रम करावे लागले. आणि या उत्तराचा अर्थ काय लावावा, यावरून जो गाजलेला वाद झाला, त्यातील दोन प्रमुख विद्वान पुण्याचे होते.

मंद तेवणारा अग्नी

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने 1780 च्या दशकात एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला व त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे 1890 च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणसाला बंदिस्त खोलीत ठेवून त्याने घेतलेले अन्न आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली ऊर्जा यांचा ताळा जमवून दाखविला. शरीरातही ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही.

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून अथवा प्रथिनापासून सुमारे 4, तर स्निग्ध पदार्थापासून सुमारे 9 उष्मांक मिळतात. ही झाली जमेची बाजू.

खर्चाच्या बाजूस तीन रकमा येतात. पहिली, स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांच्या कार्यासाठी लागणारी. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस यासाठीच दररोज सुमारे 1,100 ते 1,200 उष्मांक लागतात. दुसरी, अन्नाच्या पचनासाठी. ती एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. तिसरी, शारीरिक श्रमांची. लिपिक आणि खडी फोडणारी स्त्री यांच्यातील मोठा फरक या तिसऱ्या रकमेत आहे.

तोल कसा साधतो?

प्रौढ माणूस वर्षाकाठी सुमारे आठ लाख उष्मांकांचे अन्न खातो, तरीही त्याचे वजन बहुधा थोडेच बदलते. हा तोल सांभाळण्यात मेंदूतील अधश्चेतक या लहानशा भागाचा मोठा वाटा आहे. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडले. शरीरात साठा किती आहे, याची वार्ता ते मेंदूस देते. जठरातून स्रवणारे, भूक चेतविणारे घ्रेलिन 1999 मध्ये ज्ञात झाले. मात्र ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी सारखी दक्ष नाही. साठा घटू लागताच ती तत्परतेने जागी होते. साठा वाढत असता तितकी सावध राहत नाही.

अन्न कमी पडल्यास काय होते, याचा विदारक पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये मिळाला. अँसेल कीज यांच्या प्रयोगात 36 निरोगी तरुण स्वेच्छेने सहभागी झाले. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे 1,570 उष्मांकांचे अन्न दिले गेले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि विश्रांत अवस्थेतील ऊर्जाव्ययही सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. शरीराने खर्च आवरून तोल साधला खरा. परंतु त्या तरुणांना सतत थंडी वाजू लागली, अंगातील त्राण गेले, मन खिन्न झाले आणि अन्नावाचून दुसरा विचार सुचेनासा झाला.

पुण्यातील वाद

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई दररोज 2,250 उष्मांक ही मर्यादा धरून दारिद्र्याचे मोजमाप केले. नियोजन मंडळाच्या कृतिगटाने 1979 मध्ये ग्रामीण भागासाठी 2,400 व नागरी भागासाठी 2,100 उष्मांक धरले. यावर आक्षेप घेतला तो सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ सेवा केलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. एकाच माणसाची गरज दिवसागणिक व आठवड्यागणिक बदलते आणि एका मर्यादेपर्यंत शरीर आपला खर्च आवकीशी जुळवून घेते. म्हणून सरासरीखाली असणारा प्रत्येक जण कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशुद्ध पाणी व अस्वच्छता यांमुळे उद्भवणारे रोग अन्न वाया घालवितात, याकडेही त्यांनी आग्रहाने लक्ष वेधले.

दांडेकर यांनी या मांडणीस कसून विरोध केला. आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीही खुरटलेल्या देहास निरोगी म्हणण्याच्या विचारसरणीवर कठोर टीका केली. हा वाद केवळ आकड्यांचा नव्हता. रेषा थोडी खाली ओढली की लक्षावधी माणसे कागदावर भूकमुक्त होतात. परंतु त्यांच्या पानातील भाकरी वाढत नाही. शरीर जुळवून घेते, पण त्याची किंमत कोण मोजतो? मजूर कमी काम करू लागतो आणि त्याची मजुरी घटते. मूल खेळणे सोडून कोपऱ्यात बसते. पुढे त्याची वाढ खुंटते. तोल साधलेला असतो, परंतु तो खालच्या पायरीवर.

आजचे चित्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील प्रौढ स्त्रियांपैकी 18.7 टक्के कृश, तर 24 टक्के अतिवजनाच्या आढळल्या. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. अभाव आणि अतिरेक एकाच गावात, क्वचित एकाच घरात नांदत आहेत.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि शिक्षकांनी यातून काय घ्यावे? दांडेकर व सुखात्मे यांच्यातील मतभेद विसरून चालणार नाही. पण गावाच्या पातळीवर दोघांचेही सांगणे उपयोगी आहे. हाताला काम व पोटभर अन्न हवे, आणि पिण्याचे पाणीही शुद्ध हवे. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला तरी शरीराचा मूळ खर्च दहा टक्क्यांहून अधिक वाढतो. अतिसाराने खाल्लेले अंगी लागत नाही. नळयोजनेतील गळती बंद करणे, हेदेखील एक प्रकारे अन्नदानच आहे. अंगणवाडीतील वजनकाटा बिनचूक असावा आणि वाढीचा तक्ता वेळच्या वेळी भरला जावा. वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याने सकाळी काय खाल्ले, एवढे शिक्षकाने अवश्य विचारावे.

शरीर आपला जमाखर्च चोख ठेवते. तूट आली तरी तक्रार न करता तो जुळविते. त्याच्या या मौनाला तृप्ती समजण्याची चूक मात्र प्रशासनाने कदापि करू नये.