कंदील तेवढा धरा

निफाडची थंडी तुम्ही दर हिवाळ्यात बातम्यांत ऐकता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते आकडे. मी ती थंडी एका वराहपालनाच्या शेडमध्ये पाहिली, जानेवारी २००७ मध्ये.

तेव्हा मी बँकेत होतो. कर्जातून घेतलेली जनावरं जागेवर आहेत का, हे बघायचं काम. ही फाइल समोर आली तेव्हा जरा थबकलो. आमच्या घरात त्या प्राण्याचं नाव घेणंही टाळत. पण नोकरी ती नोकरी.

पोचेपर्यंत अंधारलं होतं. मादी नुकतीच व्याली होती. अकरा पिल्लं, एकेक जेमतेम सव्वा किलोचं, ओलं, अंगावर केस नावाला. कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, म्हणून त्यांना पहिल्या दिवशी ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. आईला मात्र विसाच्या आसपास बरं वाटतं, त्यामुळे अख्खी शेड तापवून चालत नाही. ऊब शोधत पिल्लं आईला बिलगतात आणि तिनं कूस बदलली की चिरडतात. म्हणून कोपऱ्यात आडवे पाइप लावून पिल्लांपुरती जागा केलेली. खाली गव्हाचं काड, वर दोनशे वॅटचा बल्ब. (हल्लीचा एलईडी उजेड देतो, ऊब नाही.)

तेवढ्यात भारनियमन! शेतकऱ्याच्या बायकोनं पिल्लं गोणपाटानं खसाखसा पुसली, एकेकाला चिकासाठी सडाला लावलं. कोळशाची शेगडी पाइपांबाहेर ठेवली, धूर कोंडू नये म्हणून दार किलकिलं केलं. मी दारातच उभा. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही हात नका लावू. कंदील तेवढा धरा." मघापर्यंत मी साहेब होतो.

थर्मामीटर नव्हताच. पिल्लं एकमेकांवर चढू लागली की ती शेगडी जवळ ओढायची. मोकळी पसरली की मागे सारायची. वीज येईतो तीन तास हेच. दोन पिल्लं तरीही गेली.

घरी अम्मीला सांगावं की नको, वाटेत ठरेना. शेवटी सांगितलं. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाणी तापवते, आंघोळ कर." बंब पेटवता पेटवता तिनं विचारलं, "वाचली किती?"

"नऊ."

"आणि त्यांची माय?"

"बरी आहे," मी म्हटलं.