चष्मा माझ्या पिशवीत होता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. दवाखान्यात जे पाहिले तेवढेच सांगते.

मामाजींना हृदयविकाराचा झटका आला. शेलूबाजारहून अकोल्यास नेले, अतिदक्षता विभागात ठेवले. तिसऱ्या रात्री ते नळ्या उपसू लागले. "बैलं सोडा, पानी आला," म्हणत. मला ओळखेनात. कुणी म्हणाले, बाहेरचे आहे. दुसऱ्या दिवशी ते अगदी गप्प पडून राहिले. आम्हांस वाटले, उतार पडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा डिलिरिअम. तुम्ही वातात बरळणे म्हणता तोच. गप्प पडणे हाही त्याचाच प्रकार, आणि तोच नजरेतून सुटतो." वय ६५ च्या पुढे, मंदावलेली स्मृती, दारूची सवय, जंतुसंसर्ग, झोपेची काही औषधे व जागरण यांनी धोका वाढतो. मग त्यांनी विचारले, "यांचा चष्मा कुठे आहे?"

भगिनींनो, हरवू नये म्हणून चष्मा आणि कानाचे यंत्र मीच पिशवीत बांधून ठेवले होते!

दोन्ही लावले. भेटीला गेले की मी वार, वेळ, ठिकाण सांगे. रात्री दिवे मंद ठेवले. चार दिवसांनी मामाजी म्हणाले, "सूनबाई, जेवली का तू?"

सगळेच इतक्या लवकर सावरत नाहीत. म्हणून आपला माणूस बरळला किंवा एकाएकी मुका झाला, तर गंडादोरा शोधू नका. आधी नर्सबाईंना सांगा. आणि चष्मा पिशवीत ठेवू नका.