बादली वाजली आणि डुकरीण उठली नाही, तर...



आम्ही बोलतोय सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या बचत गटातल्या बाया. शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या, गांडूळखतही झालं. आज आम्ही डुकरांविषयी बोलणार आहोत. नाक मुरडू नका हं! आमच्यापैकी कितीजणींच्या मुलांची फी, घराची कौलं आणि दवाखान्याचा खर्च याच जनावरानं भागवला आहे. डुकरीण म्हणजे आमची दारातली बँक. आणि बँक बुडू द्यायची नसेल तर तिच्याकडे रोज लक्ष हवं.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. डुक्कर घाणेरडं असतं, असं सगळे म्हणतात. पण त्याला पुरेशी जागा द्या आणि बघा. ते झोपायचा कोपरा वेगळा ठेवतं, हगायचा वेगळा. मग चिखलात का लोळतं? कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला ओल लागते. वैशाख महिन्यात सावली आणि अंगावर पाणी मिळालं नाही तर ते धापा टाकायला लागतं, प्रसंगी दगावतं. आपल्या गावठी काळ्या डुकरापेक्षा पांढऱ्या विलायती डुकराला जास्त जपावं लागतं, त्याची कातडी उन्हानं भाजते. म्हणजे घाण डुकराची नसते, आपण बांधलेल्या अपुऱ्या गोठ्याची असते.

दुसरी गोष्ट. हे जनावर फार हुशार आहे. पेजेची बादली वाजली की कोण येतंय ते त्याला कळतं. सगळी कशी ढकलाढकली करत कठड्याशी येतात! तीच आपली रोजची तपासणी. त्या दोन मिनिटांत मोबाईल बाजूला ठेवा आणि बघा. कोण मागे राहिलं? कोण आलं पण खाल्लं नाही? कोणाची शेपटी लोंबते, कोण कोपऱ्यात एकटं पडलंय? थंडी नसताना सगळी एकमेकांना चिकटून का झोपली आहेत? आजार अंगावर दिसण्याआधी वागण्यात दिसतो. शंका आली तर गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. मोठ्या डुकराचा ताप साधारण 101 ते 103 अंश फॅरनहाइट असतो. 104 च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवायचं.

गाभण मादीचा हिशेब सोपा आहे: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणजे 114 दिवस. व्यायच्या आदल्या दिवशी ती तोंडानं गवत, काटक्या गोळा करते, जमीन उकरते. ती बाळंतपणाची खोली तयार करत असते, म्हणून तिला पेंढा द्या. पिल्लांना पहिला चीक मिळालाच पाहिजे. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक पिल्लू आपलं थान ठरवून घेतं आणि पुढे तेच धरतं. नवजात पिल्लू गारठ्यानं मरतं किंवा आईखाली चिरडतं, म्हणून कोपऱ्यात दिवा लावा आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर आडवा बांबू बांधा, म्हणजे आई आडवी पडताना पिल्लाला निसटायला जागा राहते. आईच्या दुधात लोह कमी असतं, तेव्हा सिमेंटच्या गोठ्यातल्या पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या आसपास डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन द्या. नाहीतर ती पांढरीफटक पडतात.

एकमेकांच्या शेपट्या चावणारी डुकरं मारकुटी नसतात. गर्दी, कोंदट हवा, पाण्याची टंचाई आणि दिवसभर काही काम नाही, यातून ती सवय लागते. उकरायला पेंढा, चघळायला पाला आणि हलायला जागा दिली की पुष्कळ फरक पडतो.

आता खरी काळजीची गोष्ट. आफ्रिकन स्वाइन फीवर नावाचा रोग 2020 मध्ये भारतात पहिल्यांदा आसाम आणि अरुणाचलात सापडला. 2022 मध्ये तो केरळात वायनाडला पोचला. माणसाला तो होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण डुकरांचे गोठेच्या गोठे रिकामे करतो. जोराचा ताप, खाणं बंद, कान आणि पोट लाल-निळं पडणं, रक्ताची हगवण, गाभण मादीचा गर्भपात, आणि काही वेळा काहीच न दिसता मरण. साध्या स्वाइन फीवरची लक्षणंही अशीच दिसतात. त्या रोगावर लस आहे, ती टोचून घ्या. आफ्रिकन रोगावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही नाही. दोन्हींतला फरक प्रयोगशाळेतच कळतो.

हा रोग येतो कसा? नव्या जनावराबरोबर, व्यापाऱ्याच्या गाडीबरोबर, गोठ्यागोठ्यात फिरणाऱ्याच्या चपलांबरोबर आणि हॉटेलच्या खरकट्यातल्या डुकराच्या मांसाबरोबर. खारवलेल्या, गोठवलेल्या मांसातही विषाणू महिनोन् महिने टिकतो. म्हणून मांस असलेलं खरकटं डुकरांना घालूच नका. बाकीचं खरकटं तासभर ढवळत उकळा आणि गार करून द्या. आमच्याकडे कोंडा, फणसाची चारखंडं, भाजीचा पाला काय कमी आहे? नवं पिल्लू आणलं तर महिनाभर वेगळं बांधा. गोठ्यात जाताना वेगळ्या चपला घाला, आणि दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेल्याला बाहेरच थांबवा.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. जनावर आजारी दिसलं की पहिला विचार येतो, मरायच्या आत विकून टाकू, दोन पैसे तरी सुटतील. मैत्रिणींनो, त्या दोन पैशांबरोबर रोग पुढच्या गावात जातो. रोग नक्की झाला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारावी लागतात, शेजारणीची धडधाकट डुकरंसुद्धा. म्हणून बायका कळवायला घाबरतात, 'गावाच्या शिव्या कोण खाणार?' म्हणतात. भीती खरी आहे. पण लपवल्यानं ते वर्तुळ लहान होत नाही, अशी वर्तुळं वाढत जातात. 2009 च्या कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. सरकारनं मारलेल्या डुकरांसाठी भरपाईची तरतूद आहे. लपवून ठेवलेलं आणि मेलेलं डुक्कर कोणत्या कागदावर दाखवणार?

म्हणून आमच्या गटानं एक ठरवलंय. जिच्या गोठ्यात पहिलं डुक्कर पडेल, तिला कोणी नावं ठेवायची नाहीत. सगळ्यांनी मिळून तिच्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात जायचं, नाहीतर 1962 या क्रमांकावर फोन करायचा. डॉक्टर येईपर्यंत विक्री बंद, कापणं बंद, गोठ्यात ये-जा बंद. मेलेलं जनावर ओढ्यात टाकायचं नाही, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव नक्की मांडा. रोग आल्यावर ठराव करायला वेळ नसतो, तेव्हा सगळ्या एकमेकींवर चिडलेल्या असतात.

आणि उद्या सकाळी पेज घालताना दोन मिनिटं जास्त थांबा. नमस्कार!