साडेबारा टक्के आणि भावकी : तळोजे परिसरातील घर, शाळा, गाव

नवी मुंबईच्या तळोजे परिसरातील जुनी वस्ती मुख्यतः आगरी शेतकऱ्यांची. तिला लागून कोकणी मुसलमानांची घरे, कातकऱ्यांच्या वाड्या. कासाडी नदी आणि खाडीच्या आसऱ्याने भात आणि मासळी यांवर ही गावे जगली. भाताच्या लावणीला एका घराचे हात पुरत नाहीत. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, अशी फेड कामानेच होई. भावकी टिकून राही ती या गरजेमुळे. प्रेम त्यात असेच, पण भांडलेल्या चुलत्यालाही मृगाच्या तोंडावर बोलावे लागे, कारण त्याच्याशिवाय चिखलणी उरकत नसे.

लग्नात या नात्यांची मांडणी उघड दिसे. आगरी लग्नाचे विधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीते, गाऊन चालवी. कोणत्या क्षणी मामाने पुढे व्हायचे, करवलीचा मान कधी, हे तिच्या धवल्यांतूनच ठरे. लिहिता-वाचता न येणारी बाई सबंध मांडवावर अधिकार गाजवते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या पुस्तकांनी अधिक मनावर घ्यायला हवी होती. आता हळदीत तिच्या आवाजावर डीजे चढला आहे. हळदीचा खर्च आवरण्याचे ठराव गावोगाव होतात. ते मोडण्याची सुरुवात बहुधा ऐपतदार घरापासून होते.

ही नाती ज्या शेतीवर उभी होती, ती शेतीच पुढे गेली. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. तळोज्यात औद्योगिक वसाहतही उभी राहिली. मोबदल्याच्या प्रश्नावर स्थानिक नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. गावकी आणि भावकी यांच्यापलीकडचे ‘प्रकल्पग्रस्त’ हे नवे नाते या लढ्यातून तयार झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

हिशेब मांडला की घरातली अडचण कळते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. सार्वजनिक सोयींची कपात जाऊन हाती येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. चार भाऊ आणि तीन बहिणी असतील, तर प्रत्येकी जेमतेम ५० चौरस मीटर. शेत सामाईक ठेवून कसता येई. भूखंड बिल्डरला द्यायचा तर सातबारा, वारसनोंद आणि सगळ्यांच्या सह्या लागतात. ज्या बहिणीला दिवाळी-भाऊबीजेलाच माहेर आठवे, तिच्या दारी हक्कसोडपत्र घेऊन भाऊ येऊ लागला.

कायदा बहिणीच्या बाजूने झुकत गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहहिस्सेदार केले. वडील २००५ मध्ये हयात नसले तरी तिचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरी साडीचोळीवर सही देणाऱ्या बहिणी आहेत. माहेर तुटेल ही त्यांची भीती खोटी नाही, पण तिचा फायदा घेणे हा अन्यायच. हिस्सा मागणारी बहीण लोभी आणि सगळा भूखंड राखणारा भाऊ घर सांभाळणारा, असा बोलण्यातला भेद अजून गेलेला नाही.

याच काळात शेजार पालटला. सिडकोच्या घरांमुळे आणि खाजगी इमारतींमुळे देशभरातली कुटुंबे आली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. या कुटुंबांना इथे मामा नाही, भावकी नाही. रक्ताबाहेरचे आप्त जोडण्याची रीत काही ठिकाणी असते. फिलिपिन्समध्ये बाप्तिस्म्याला आणि लग्नाला निनोंग-निनांग, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, नेमण्याची प्रथा आहे. शेजारी किंवा कामावरचा वरिष्ठ त्यातून आयुष्यभराचा आप्त होतो. तळोज्याच्या सोसायट्यांत असे मानलेले नाते विधीने जुळत नाही. गणपती, पाण्याचा टँकर आणि पार्किंगचे तंटे यांतूनच ते हळूहळू जुळते किंवा बिघडते. जुने गावकरी आणि सोसायटीवाले यांचे येणेजाणे घरभाडे, दुकान आणि रिक्षा एवढ्यापुरतेच राहते.

दोन्हीकडची मुले एकत्र येतात ती शाळेत. घरात आगरी, भोजपुरी किंवा दखनी बोलणारे मूल तिथे पुस्तकी मराठी शिकते. पूर्वी गुरुजी गावात राहत. मुलाचे खाडे त्यांना घरी जाऊन विचारता येत, लग्नाचे पहिले आमंत्रणही त्यांना असे. आता शिक्षक दुरून येतात आणि पालकांशी बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाला दिवसाच्या बैठकीला येणे अवघड असते, त्यामुळे समितीचे काम आयांवर पडते. भूखंडाच्या कागदावर जिची सही फक्त हक्क सोडण्यासाठी मागितली जाते, तिला इथे शाळेच्या विकास आराखड्यावर मत देण्याचा अधिकार आहे.