दम्याचा हिशेब एकदा मांडून बघा



कापसाच्या भावावर बोलून झाले, ज्वारीच्या खरेदीवर बोलून झाले. आता थोडा श्वासाचा हिशेब करू.

गावोगाव बैठकांना फिरताना एक माणूस आम्हाला दर ठिकाणी भेटतो. साठीच्या आसपासचा. सकाळी उठला की तासभर खोकला आणि बेडका. दोन वर्षांमागे वावरापर्यंत चालत जायचा, मागच्या साली विहिरीपर्यंत, आता ओसरीवरच धाप लागते. विचारले तर म्हणतो, "जुना दमा आहे, वय झालं." छाती भरली की तालुक्याला जातो, सुई आणि सलाईन घेऊन येतो. दर वर्षी सुया वाढतात, चालणे कमी होते.

आपण ज्याला दमा म्हणतो तो पुष्कळदा दमा नसतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. दम्यात श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात. या आजारात त्या धुराने, धुळीने कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या विरून जातात. गेलेले परत येत नाही, उरलेले राखता येते. २०१६ साली आपल्या देशात मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या खालोखाल हाच आजार होता.

विडी हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या माऊलीने विडीला कधी हात लावला नाही, तिला का होतो? तिने चाळीस वर्षे पऱ्हाटी, तुराटी आणि गोवरीचा धूर गिळला म्हणून. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघर आले, पण भरून आणायला पैसा नसला की चूल पुन्हा पेटते.

आता मुद्द्याचे. फवारणी करूनही अळी हटली नाही, तर शहाणा शेतकरी नुसता डोस वाढवत नाही. अळी कोणती, पंपाचा नोझल बरोबर आहे का, औषध पानाच्या मागे पोचते का, हे आधी बघतो. छातीच्या औषधाला हाच न्याय लावा. चार प्रश्न विचारा.

पहिला, निदान झाले आहे का? स्पायरोमेट्री नावाची फुंकर मारण्याची तपासणी असते. पंपाचे औषध घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर श्वासनळ्यांत कायमचा अडथळा आहे. क्षयरोग नाही ना, हेही थुंकी तपासून बघायचे.

दुसरा, औषध जागेवर पोचते का? साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध, आणि ते सगळ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंप म्हणजे झाडाच्या बुडाशी दिलेले खत. "पंपाची सवय लागते" हा निव्वळ गैरसमज आहे. मात्र फवारा जिभेवर बसला तर फुकट. स्पेसर नावाची नळी लावा, सावकाश ओढा, दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरा.

तिसरा, काय बंद करता येईल? आजार उसळला की स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात, पण किती दिवस? स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या अभ्यासात पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांइतकाच उपयोगी ठरला. महिनोन्‌महिने त्या खाल्ल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पण जुनी गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नका, तेही घातक आहे.

चौथा, ऑक्सिजनचे यंत्र खरेच हवे का? रक्तातला प्राणवायू फारच कमी असेल तर रोज १५ तास किंवा अधिक ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते, हे १९८०-८१ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दिसले. थोडाच कमी असेल तर फायदा दिसला नाही, हे अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासाने दाखवले. म्हणून आधी मोजमाप, मग कर्ज.

आमच्या घरचेच सांगतो. आमच्या आईची पिशवी एका छातीच्या डॉक्टरांपुढे टेबलावर ओतली. नऊ औषधे निघाली. त्यांतली तीन नावे वेगळी, आत औषध एकच. स्पायरोमेट्री कधी झालीच नव्हती. आज तीन औषधे उरली, त्यांत दोन पंप. शिवाय दर वर्षी फ्लूची लस, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे आणि रोज थोडे चालणे. आजार थांबला का? नाही, तो पुढे सरकतोच आहे. पण सरत्या वर्षात एकदाही सलाईन लागले नाही, आणि पाराखालच्या बायकांत ती रोज जाऊन बसते. तिच्या लेखी हे पीक कमी नाही.

तेव्हा उठण्याआधी ठरवून टाकू. प्रत्येकाने आपल्या गावातल्या धाप लागणाऱ्यांची यादी करावी. त्यात बायांची नावे आधी लिहावीत, कारण त्या स्वतः होऊन सांगत नाहीत. गावाने एक दिवस नेमून, सगळ्या औषधांच्या पिशव्या घेऊन, एकाच गाडीने जिल्हा रुग्णालयात जावे. ज्याची विडी चालू आहे त्याने ती सोडावी, त्याहून मोठे औषध नाही. चुलीवर धुराडे बसवावे किंवा चूल उघड्यावर न्यावी. आणि एक ध्यानात ठेवा. बेडका हिरवा-पिवळा झाला, धाप वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ओठ निळे पडले, एक वाक्य पुरे बोलवेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

खताच्या पोत्याची पावती आपण जपून ठेवतो. औषधाच्या चिठ्ठ्याही तशाच जपा, आणि वर्षातून एकदा त्यांचा हिशेब मागा. तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे.