अडीच विसांची भाषा
(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



डॅनिश भाषा शिकू लागलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पहिली ठेच लागते ती अंकांपाशी. पन्नासाच्या डॅनिश शब्दाचा मूळ अर्थ 'अर्धा तिसरा गुणिले वीस', म्हणजे अडीच विसा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे कोडे वाटते. परंतु 'अर्धतृतीय'पासून आपला 'अडीच' आला आणि 'अर्धचतुर्थ'पासून 'औट', ज्याच्या घटकेचे राज्य आपल्या राजकारणात सर्वांच्या परिचयाचे आहे. विसांनी मोजणाऱ्या मराठी शेतकऱ्याला डॅनिश हिशेब पाच मिनिटांत उमगेल.

शेतकऱ्याच्या या भाषेला विद्यापीठाचे दार मात्र फार उशिरा उघडले. कोपनहेगनचे विद्यापीठ 1479 साली स्थापन झाले ते लॅटिनचे. दरबारात व सैन्यात जर्मनचा वरचष्मा होता. त्याच विद्यापीठातील प्राध्यापक लुडविग होल्बर्ग याने अठराव्या शतकात डॅनिशमधून सुखात्मिका लिहिल्या. त्यांपैकी एकीत रास्मुस बेर्ग हा खेड्यातला मुलगा विद्यापीठातून 'एरास्मुस मोंतानुस' होऊन परततो आणि तर्कशास्त्राच्या बळावर आपल्या आईला दगड ठरवतो. बिचारी आई रडू लागते. (असे मोंतानुस आपल्याकडेही दर सुट्टीत एस.टी.तून उतरतात.) पुढे 1841 साली किर्केगॉरला आपला प्रबंध डॅनिशमध्ये सादर करण्यासाठी राजाकडे अर्ज करावा लागला. परवानगी मिळाली, पण तोंडी परीक्षा लॅटिनमध्येच द्यावी लागली.

ग्रुंटविगचा राग होता तो या व्यवस्थेवर. लॅटिन शाळेला तो मृत्यूची शाळा म्हणे. त्याच्या विचारातून 1844 साली रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी हिवाळ्यात येऊन राहावे, मातृभाषेतून इतिहास, काव्य व नागरिकाची कर्तव्ये यांची चर्चा करावी. रोडिंग ज्या श्लेस्विग प्रांतात होते तेथे जर्मनचे दडपण होते, म्हणून या शाळेला राजकीय अर्थही होता. 1864 च्या युद्धात तो प्रांत गेला आणि शाळेचे कार्य सीमेअलीकडे आस्कोव येथे सुरू झाले.

पुढे 1882 साली हेडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा उभी राहिली. तिचे सारे श्रेय लोकविद्यालयांना देणे भाबडेपणाचे होईल. अमेरिका व रशियातील स्वस्त धान्याने बाजार कोसळला होता आणि इंग्लंडला लोणी हवे होते. आर्थिक रेटा हा होता. परंतु संस्थेचा हिशेब ठेवणारा, सभेत उभा राहून बोलणारा आणि मत गुरांच्या डोक्यांवर नव्हे, माणसांच्या डोक्यांवर मोजा, असे म्हणणारा शेतकरी बाजाराच्या रेट्याने तयार होत नाही. अर्थात या वर्गांत बसली ती मुख्यतः मध्यम शेतकऱ्यांची मुले. अल्पभूधारक व शेतमजूर बराच काळ दाराबाहेरच राहिले. आपल्याकडे सहकाराच्या व्यासपीठांवर डेन्मार्कचे नाव पुष्कळ घेतले गेले. हेडिंगची दुधाची घागर सर्वांना दिसली, रोडिंगचा वर्ग थोड्यांनाच दिसला.

आज डॅनिश विद्यार्थ्याला विद्यापीठात शुल्क नाही, उलट सरकारी निर्वाहभत्ता मिळतो. मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2006 पासून शुल्क घेतले जाते. 1970 च्या कायद्याने विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना कारभारात वाटा दिला. 2003 च्या कायद्याने बाहेरच्या सभासदांचे बहुमत असलेली मंडळे आणून तो बराचसा काढून घेतला. विज्ञानाच्या वरच्या वर्गांत आता इंग्रजी बसली आहे. सुमारे साठ लाख लोकांच्या या देशात भाषेची एकेक कार्यक्षेत्रे हातची जात असल्याची चिंता उघडपणे मांडली जाते. 2011 च्या जनगणनेत मराठी बोलणारे आठ कोटींवर होते. मराठीतून अर्थशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात काय मिळते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात जाऊन पाहावे.

डेन्मार्कचे गुणगान येथे थांबवावे लागते. ज्यांनी लॅटिन आणि जर्मनचा जाच सोसला त्यांनीच ग्रीनलंडमध्ये डॅनिश लादली. 1951 साली बावीस ग्रीनलंडी मुले 'सुधारण्यासाठी' घरापासून तोडून डेन्मार्कला नेण्यात आली. त्याबद्दल सरकारने क्षमा मागितली ती 2020 साली. 2009 पासून ग्रीनलंडी ही तेथील राजभाषा आहे. नूकच्या विद्यापीठात मात्र अजूनही बरेच शिक्षण डॅनिशमधून चालते.