लहान मुलांच्या भावना आणि आपले घर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात परळ येथे दिलेले भाषण)



मूल पडले तर आपण धावत जाऊन त्याचा गुडघा पाहतो. परंतु त्याचे मन दुखावले, तर ‘गप्प बस’ एवढेच औषध देतो. मुलगा असेल, तर ‘मुलीसारखा रडतोस काय?’ ही पुस्तीही जोडतो. अशाने दुःख जात नाही. ते केवळ मुके होते.

आपल्या शेजारी दादरला १९३६ साली कै. ताराबाई मोडक यांनी शिशुविहार सुरू केला. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले होते. मुलाला भय दाखवू नये, तशीच बक्षिसाची लालूचही दाखवू नये, हे त्या परंपरेचे सूत्र होय. धाकाने मूल शांत दिसते, पण त्याच्या अंतरंगाचे दार आपल्याला बंद होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी नवखा शिक्षक होतो. पहिलीतील एक शांत मुलगा एकाएकी इतरांच्या पाट्या पुसू लागला, ढकलाढकली करू लागला. त्याच्या मातेकडून कळले की, वडील दिवसचे दिवस भिंतीला टेकून बसतात, कोणाशी बोलत नाहीत. मुलाने तर्क केला होता की, बाबा आपल्यावरच रागावले आहेत! पुढे एके रात्री वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितले, “मी तुझ्यावर रागावलो नाही रे, मला कामाची काळजी लागली आहे.” संप मिटला नव्हता, दारिद्र्यही हटले नव्हते, परंतु मुलाचे वागणे हळूहळू निवळले.

यातील बोध असा की, भावनेची भाषा मूल प्रथम घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून शिकते. आपण आपली चिंता शब्दांत सांगितली, तरच ते आपली सांगेल. आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. राग निराळा, रुसवा निराळा. हिरमुसणे निराळे, हेवा निराळा. रागावलेल्याला थोडा वेळ द्यावा लागतो. रुसलेल्याची मात्र समजूत काढावी लागते. ‘धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो का रे?’ असे मायेने विचारावे. भावनेस अपराध मानू नये. मात्र ‘राग आला तरी मारायचे नाही’ ही मर्यादा निश्चयाने सांगावी.

आज गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. गॅलरीत रुसून बसलेल्या मुलाला शेजारच्या काकू हाक मारीत. बंद दाराआड ती हाक पोचत नाही. नोकरी सुटणे, घरातील आजारपण, संक्रमण शिबिरातील वास्तव्य, हे प्रसंग आजही येतातच. अशा वेळी मुलाच्या हाती मोबाइल देऊन आपण मोकळे होऊ नये.

माझी नम्र विनंती एवढीच की, रात्रीच्या जेवणानंतर घटकाभर मुलाजवळ बसावे, आपला दिवस कसा गेला ते सांगावे आणि त्याचे ऐकावे. या कामी पैसा लागत नाही.